मी येईपर्यंत काही करू नका

चि. इरा आणि चि. निहार,

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी दोन-तीन निवृत्त डॉक्टर आपल्या कारकिर्दीवर लिहितात. सगळ्यांनी एका सूटकेसवर सुरुवात केलेली असते, सगळ्यांना कुणीतरी गोऱ्या कन्सल्टंटने एकदा तरी कमी लेखलेलं असतं, आणि शेवटी तोच कन्सल्टंट त्यांच्या घरी श्रीखंड खाऊन गेलेला असतो. यंदा संपादिकाबाईंचा मला फोन आला. "काकू, तुम्ही इतकी वर्षं पोलीस स्टेशनमध्ये काम केलंत, काहीतरी इंटरेस्टिंग लिहा ना." मी हो म्हटलं. छापणार त्या असल्या तरी लिहिते आहे मी तुम्हा दोघांसाठी. इरा, तू मोठ्याने वाच. निहार, तू फोन खाली ठेव आणि ऐक.

निमित्त निहारचंच आहे. गेल्या महिन्यात त्याने ह्यूस्टनहून मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात टाय लावलेला एक वकील आपल्या गाडीत बसून सांगतो, की पोलिसाने रस्त्यात थांबवून सरळ रेषेत चालून दाखवा, एका पायावर उभे राहा असं सांगितलं, तर हसून नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. खाली निहारची ओळ: "आजी, तुझ्या लाइनमधलं. यूकेमध्ये पण सेम ना?"

नाही. सेम नाही. तुमच्याकडे काय चालतं ते त्या टायवाल्याला विचारा, मला माहीत नाही. पण जानेवारीत निहार वर्षभर शिकायला इथे येणार, हाउन्सलोला आमच्याकडे राहणार आणि आमची गाडी चालवणार. तेव्हा इथलं काय ते मीच सांगितलेलं बरं. शिवाय तुम्हा दोघांना तुमच्या बाबाने सांगून ठेवलं आहे, की डोळे अधू झाले म्हणून आजोबांनी गाडी सोडली. आजोबांचे डोळे ठणठणीत आहेत. औषधाच्या खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं ते चष्म्याशिवाय वाचतात, माझ्या खोक्यावरचीसुद्धा. सात वर्षांपूर्वी कोर्टाने त्यांचं लायसन्स काढून घेतलं होतं. पोलिसांच्या यंत्रात फुंकायला त्यांनी नकार दिला म्हणून. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाचं लायसन्स गेलं, आणि त्यापाठोपाठ त्यांचं कामही गेलं. ते कसं, ते लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिही. पण मोदक पाच होते. तू लोकांना आठ सांगतेस."

आधी माझं काम. मी वकील नाही. मी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, कारण नाशिकच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी माझं इंग्रजी आणि माझ्या फायली दोन्ही सरळ करून पाठवल्या होत्या. आमचे साहेब, मिस्टर डॉनेली, आयरिश, हुशार आणि कमालीचे गबाळे. त्यांच्या टेबलावर कागद शोधायचा म्हणजे उत्खनन असायचं. मी तीन महिन्यांत त्यांचं ऑफिस लावलं आणि सहा वर्षांत त्यांनी मला परीक्षा देऊन पोलीस स्टेशन प्रतिनिधी व्हायला लावलं. म्हणजे कुणाला अटक झाली, की सॉलिसिटरच्या वतीने कस्टडीत जायचं, त्या माणसाला सल्ला द्यायचा, चौकशीच्या वेळी शेजारी बसायचं. मराठी, हिंदी, कामापुरती गुजराती येत होती, त्यामुळे हाउन्सलोपासून स्लाऊपर्यंत आपली माणसं पकडली गेली की मला बोलावणं यायचं. असं बावीस वर्षं केलं.

या कामात मी एक गोष्ट शिकले. पकडलेला माणूस स्वतःचं सगळ्यात जास्त नुकसान तोंडाने करतो. पोलिसाने साधा चहा विचारला तरी आपली माणसं आपली बाजू मांडायला लागतात. बापाचं नाव, गावचं घर, आपण किती टॅक्स भरतो, सगळं सांगतात आणि त्या ओघात गुन्हाही सांगून टाकतात. म्हणून मी एक कार्ड छापून घेतलं. इंग्रजी, हिंदी आणि मराठी. वर आमच्या ऑफिसचा नंबर आणि माझं नाव, खाली ठळक अक्षरांत: "मी येईपर्यंत काही बोलू नका, काही करू नका, कशावर सही करू नका." ही कार्डं मी मंडळात वाटली, देवळात ठेवली, किराणा दुकानांच्या गल्ल्यावर ठेवली. एक आमच्या फ्रिजवर लावलं. एक तुमच्या आजोबांनी पाकिटात ठेवलं. मला त्या कार्डाचा फार अभिमान होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दारू पिऊन गाडी चालवणारे. त्यांच्याबद्दल मला कधीही सहानुभूती वाटली नाही आणि आज या वयात ती आणायचा प्रयत्नही करणार नाही. चोराला निदान आपण चोर आहोत हे ठाऊक असतं. हा मनुष्य मात्र आपण सभ्य आहोत, शिकलेले आहोत आणि पोलिसांनाच दुसरं काम नाही, अशा थाटात बसलेला असतो. त्यात आपल्या लोकांचं शास्त्र वेगळं. लवंग चावली की कळत नाही. कच्चा कांदा खाल्ला की यंत्र फसतं. जिभेखाली नाणं ठेवलं की आकडा खाली येतो. एका सॉफ्टवेअरवाल्याने, त्याचं नाव अमोल म्हणू, स्लाऊच्या कस्टडीत माझ्यासमोर खिसा रिकामा केला तर बडीशेप, वेलदोडे, जेठीमध आणि पुदिन्याच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली.

"हे काय, मुखवासाचं दुकान काढलंस का?" मी विचारलं.

"नाही हो काकू, कलीग म्हणाला स्मेल जातो."

"अरे, तू कंप्युटर इंजिनिअर ना? यंत्राला नाक असतं का? ते फुप्फुसातली हवा मोजतं. तू तोंडात अख्खी बाग लावलीस तरी फुप्फुसात दारूच."

"काकू, व्हिसाला प्रॉब्लेम येईल का?"

हा प्रश्न प्रत्येकाचा. गाडीखाली कुणी आलं असतं तर, हा प्रश्न बावीस वर्षांत एकानेही विचारला नाही.

दुसरा प्रकार अर्धवट फुंकणाऱ्यांचा. गाल फुगवायचे, डोळे वटारायचे, घाम काढायचा आणि हवा मात्र नळीत जाऊ द्यायची नाही. त्यांना वाटतं यंत्र कंटाळेल. यंत्र कंटाळत नाही. ते वेळ संपली की "नमुना दिला नाही" अशी चिठ्ठी छापतं, आणि नमुना न देणं हाच एक वेगळा गुन्हा आहे. दारू न पिताही तो करता येतो. बहुतेकांना हे कळतच नाही. नकार दिला म्हणजे पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणजे सुटलो, असं ते धरून चालतात. तो टायवाला तरी दुसरं काय सांगतोय?

पोलीसही काही देवाने घडवलेले नसतात. त्यांच्याकडे फुंकण्याच्या यंत्राशिवाय आणखी एक चाचणी असते, निहारच्या व्हिडिओत आहे तशी. नशेच्या पदार्थांचा किंवा औषधांचा संशय असेल तेव्हा ती घेतात. डोळ्यांच्या बाहुल्या बघतात. डोळे मिटून, मान मागे टाकून उभं करतात आणि तीस सेकंद झाले असं वाटलं की सांगा म्हणतात. नऊ पावलं टाचेला अंगठा लावून चालायचं, वळायचं, परत यायचं. एका पायावर उभं राहून मोजायचं. डोळे मिटून बोट नाकाला लावायचं. हे सगळं वाहत्या रस्त्याच्या कडेला, लोक गाड्यांतून बघत असताना. इथे तुम्हाला ते नाकारता येत नाही. सबळ कारणाशिवाय नाकारलं तर तोही गुन्हा. पण ती चाचणी घेण्याचं शिक्षण घेतलेला आणि नेमलेला अधिकारीच ती घेऊ शकतो, हाही कायदाच आहे.

आमच्या मंडळाच्या शोभाताईंना एका पोलिसाने दुपारी शाळेजवळ थांबवलं. गाडी जरा पांढऱ्या रेषेकडे सरकली होती. सर्दीची गोळी घेतलेली, त्यामुळे डोळे लाल. फुंकल्या, शून्य आलं. तेवढ्यावर सोडून द्यायचं तर या महाशयांना नाटक हवं होतं. त्याने त्यांना हळदीकुंकवाच्या पैठणीत, उंच टाचांच्या चपलांत, उतरत्या ओल्या गवतावर नऊ पावलं चालायला लावलं. त्या तिसऱ्या पावलाला बसल्या. लगेच अटक. मी गेले आणि एकच प्रश्न विचारला: या चाचणीचं ट्रेनिंग तुम्ही कधी घेतलंत? तो म्हणाला, "मी पुष्कळदा पाहिली आहे." मी म्हटलं, "मी पुष्कळदा बाळंतपणं पाहिली आहेत." डॉनेलीसाहेबांनी पत्र लिहिलं आणि ते प्रकरण कोर्टापर्यंत पोचलंच नाही.

हा किस्सा मी घरी जेवताना किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. पाहुणे आले की आजोबाच म्हणायचे, "अगं, ती पैठणीची केस सांग ना." मी सांगायची, ते आमटी वाढता वाढता ऐकायचे आणि शेवटी पाहुण्यांना म्हणायचे, "पोलिसांनी काहीही सांगितलं तरी आपण ऐकायचं नसतं. आधी हिला बोलवायचं." मला ते ऐकायला बरं वाटायचं. इरा, इथे जरा थांब. निहारला विचार, ऐकतोयस ना?

तुमचे आजोबा भूलतज्ज्ञ. पस्तीस वर्षं टेबलावर झोपलेल्या घाबरलेल्या माणसांच्या तोंडावर मास्क धरून ते सांगत आले, "आता दीर्घ श्वास घ्या. छान. आणखी एक." निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस ते हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशनआधीचे पेशंट तपासायला जायचे. ते दोन दिवस म्हणजे त्यांचा जीव होता. आदल्या रात्रीच शर्टाला इस्त्री, डब्याचा मेनू ठरलेला.

त्या वर्षी गणपतीत रविवारी स्लाऊला हॉलवर आरती आणि जेवण होतं. मला सकाळीच क्रॉयडनच्या एका कस्टडीत बोलावणं आलं, म्हणून ते एकटेच गेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा डावा गुडघा बदललेला, चाल अजून लंगडी. हॉलमध्ये धूप इतका की डोळे लाल. पाच मोदक, वर मसालेभात, आणि घरी यायला निघाले दुपारी अडीचला. एका राउंडअबाउटच्या गोल वळणावर त्यांना जरा पेंग आली आणि गाडी कडेच्या प्लास्टिकच्या खांबावर गेली. कुणाला लागलं नाही. बंपर गेला. मागेच पोलिसांची गाडी होती.

आतून एक तरुण अधिकारी उतरला. लंगडणारा, लाल डोळ्यांचा, कपाळाला गुलाल लागलेला म्हातारा त्याने पाहिला आणि विचारलं, "सर, आज काही प्यायला आहात का?"

"मी पीत नाही."

"मग यात फुंका, सर. अपघात झालाय, मला तपासावं लागेल."

हे अगदी कायदेशीर होतं. गाडी कुणाचीही थांबवता येते. फुंकायला लावायला मात्र कारण लागतं: दारूचा संशय, वाहतुकीचा नियम मोडलेला किंवा अपघात. इथे अपघात समोर पडलेला होता. श्वासाची यंत्रं आजोबा माझ्यापेक्षा जास्त जाणत होते. फुंकले असते तर शून्य आलं असतं आणि तीन मिनिटांत खांबाबद्दल सॉरी म्हणून घरी आले असते.

त्यांनी पाकिटातून माझं कार्ड काढलं आणि त्याला दाखवलं. म्हणाले, "माझी मिसेस या कामात आहे. ती आल्यावर करू."

अधिकाऱ्याने दोनदा समजावलं. नाही केलंत तर गुन्हा होईल, असंही सांगितलं. आजोबा बॉनेटला टेकून शांत उभे. त्याने मग अटक करून स्टेशनवर नेलं. तिथल्या सार्जंटबाई मला पंधरा वर्षं ओळखत होत्या. त्यांनी काउंटरवर ठेवलेलं कार्ड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कायद्याने त्यांना माझी वाट बघायची काही गरज नव्हती. सल्ला मागायचा आणि तो फुकट मिळवायचा हक्क प्रत्येकाला असतो, पण फुंकण्याचं यंत्र त्या सल्ल्यासाठी थांबत नाही. रक्तातली दारू तासातासाने उतरते, मग ते कसं थांबणार? तरीही त्यांनी मला फोन केला. माझा फोन क्रॉयडनच्या कस्टडीबाहेरच्या लॉकरमध्ये, माझ्याच नियमाने, बंद करून ठेवलेला.

मग त्यांनी ड्यूटी सॉलिसिटरला, म्हणजे फुकट सल्ल्यासाठी त्या दिवशी पाळीवर असलेल्या वकिलाला, फोन लावला आणि रिसीव्हर आजोबांच्या हातात दिला. तो मला नंतर भेटला, भला मुलगा. त्याने सांगितलं, "सर, फुंका. बाकी काही बोलू नका, पण फुंका. लगेच."

आजोबा त्याला म्हणाले, "थँक यू. पण माझ्या मिसेसला या क्षेत्रात वीस वर्षांचा अनुभव आहे."

सार्जंटबाईंनी छापील इशारा सावकाश वाचून दाखवला: नमुना दिला नाहीत तर खटला होऊ शकतो. दमा आहे का, फुप्फुसाचा काही आजार आहे का, विचारलं. असता तर रक्त किंवा लघवी घेतली असती. आजोबांनी खरं तेच सांगितलं: फुप्फुसं उत्तम आहेत. मग शेवटचं विचारलं, "नमुना द्यायला तयार आहात?"

"माझी मिसेस आल्यावर."

सार्जंटबाईंनी वेळ लिहिली, "नकार" लिहिलं आणि फॉर्म बंद केला.

बाहेर आल्यावर फोनवरचा निरोप ऐकून मी पाऊण तासाने पोचले. मला बघून सार्जंटबाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या, हे त्यांनी कधीच केलं नव्हतं. "मिसेस सबनीस, आय ॲम सो सॉरी," म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. मी वाचला. असे शेकडो वाचले होते. त्यात कुठे चूक आहे ते शोधायची मला सवय होती, म्हणून मी शोधली. इशारा दिलेला होता. आजार विचारलेला होता. वेळा जुळत होत्या. एक स्वल्पविराम चुकलेला नव्हता.

मग कोठडीचं दार उघडलं. आजोबा निळ्या गादीवर ताठ बसले होते, बूट बाहेर काढून ठेवलेले, सॉक्समध्ये. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आलीस? एक शब्द बोललो नाही. काही केलं नाही. कशावर सही केली नाही," ते म्हणाले. "तो कोण फोनवर होता, तो सारखा फुंका फुंका करत होता. मी म्हटलं, हिला येऊ दे. आता तू आलीस ना, आता फुंकतो. किती वेळा फुंकायचं असतं?"

मी सांगितलं, "दोनदा. कमी आकडा धरतात."

"मग चल."

"आता नाही होत, अहो."

"का?"

मी वीस वर्षं लोकांना वाईट बातमी दिली होती. त्यासाठी माझ्याकडे वाक्यं तयार होती, क्रमवार. त्या दिवशी एकही आठवलं नाही. मी त्यांच्या शेजारी गादीवर बसले आणि म्हटलं, "तुम्ही माझी वाट पाहिलीत म्हणून."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मला अजून पुरतं कळलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, त्यात बघण्यासारखं काही नाही. नवऱ्याचं प्रकरण मला चालवता येत नव्हतं, ते डॉनेलीसाहेबांनी घेतलं. बायकोची वाट पाहत होतो हे सबळ कारण धरलं जाईल का, असं मी त्यांना विचारलं. वीस वर्षं हाच प्रश्न विचारणाऱ्या लोकांना मी हसत आले होते. साहेब हसले नाहीत. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. कोर्टात मॅजिस्ट्रेटांच्या अध्यक्षबाईंनी आजोबांकडे बघून विचारलं, "यांनी मद्य घेतलंच नव्हतं, असं तुमचं म्हणणं आहे?" साहेब म्हणाले, "कधीच नाही, मॅडम." त्या म्हणाल्या, "मग हे फारच खेदजनक आहे." आणि बारा महिने लायसन्स गेलं. त्यापेक्षा कमी त्यांना देता येत नाही.

डॉक्टरला असा गुन्हा आपल्या नोंदणी मंडळाला कळवावा लागतो. आजोबांनी पत्र लिहिलं, मी टाइप केलं. त्या नोंदणी मंडळाने त्यांना काही केलं नाही, पण उत्तर यायला पाच महिने लागले आणि तोवर क्लिनिकने दुसरा डॉक्टर नेमला होता. आजोबांनी परत विचारलं नाही. शर्टाची इस्त्री थांबली. एकदा मी त्यांचा डबा घासून कपाटात वर ठेवत होते, तेव्हा म्हणाले, "राहू दे खालीच." म्हणून तो अजून खालीच आहे.

आमच्या मराठी मंडळात काय झालं ते त्या मंडळींनी इथे वाचावंच. पहिल्या आठवड्यात बातमी होती की डॉक्टर सबनीस पिऊन गाडी चालवत होते. दुसऱ्या आठवड्यात होती की ते पहिल्यापासूनच गुपचूप घेतात. ज्यांनी त्यांना पाच मोदक वाढले होते, त्यांनीच, "तेव्हा जरा वास आलाच होता," असं सांगितलं. तो धुपाचा वास होता. ज्यांच्या मुलांना मी पहाटे उठून सोडवून आणलं, त्यांनी माझ्याकडे बघून आवाज खाली केला. मी एकदाही खुलासा केला नाही. काय करणार होते? माझ्याच कार्डामुळे गेलं, असा?

आणि तुमच्या बाबाने तुम्हाला डोळ्यांचं सांगितलं. त्याला मी रागावत नाही. मीच ते सुचवलं होतं.

कार्डं मी सगळी गोळा केली. देवळातली, दुकानांतली. किराणावाला म्हणाला, "काकू, चांगली चाललीत की, का काढता?" मी म्हटलं, चूक आहे त्यात. नवीन कार्डावर एक ओळ वाढवली: "यंत्रात फुंकायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं, तर ते लगेच करा. माझी वाट पाहू नका." सल्ला तोच, हक्कही तेच. चौकशीत गप्प बसायचा हक्क आहे, तो वापरा. गुडघा, कान, दमा, औषधं, सगळं आधी सांगा. टाचांच्या चपला काढू का विचारा. चाचणी घेणाऱ्याने त्याचं ट्रेनिंग घेतलं आहे का, ते विचारा, नम्रपणे, आणि उत्तर लक्षात ठेवा. भांडण नंतर करायचं, कागदावर. रस्त्यात नाही. निहार, तुझ्या टायवाल्याला यातलं काही माहीत नाही, कारण त्याच्या रस्त्यावर त्याची गरज नसेल. माझ्या रस्त्यावर आहे.

बारा महिन्यांनी लायसन्स परत आलं. आजोबांनी ते टपालाचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. तेव्हापासून गाडी मी चालवते, आणि ते शेजारी बसून प्रत्येक राउंडअबाउटला डावीकडचा खांब दाखवतात.

गेल्या डिसेंबरात दुपारी चारला, अंधारून आलेलं, मला पोलिसांनी थांबवलं. मागचा एक दिवा गेला होता. एक तरुण मुलगी होती, वर्दीत. म्हणाली, "मॅडम, फुंकाल का?"

शेकडो लोकांना मी यावर सल्ला दिला होता. स्वतः कधी फुंकले नव्हते. तिने नळी पुढे केली. मला वाटलं, ही मला समजते तरी काय. वाटलं, मी कोण आहे हे हिला सांगावं. कस्टडीतल्या त्या सभ्य, शिकलेल्या माणसांसारखं, अगदी तसंच वाटलं. मी नळी तोंडात धरून नुसती बसले.

शेजारून आजोबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. नाडी बघतात तसा.

"दीर्घ श्वास घे," ते म्हणाले. "छान. आता सोड. सोड, सोड, थांबू नको, आणखी थोडं. झालं."

शून्य आलं. ती मुलगी आजोबांना म्हणाली, "सर, तुम्ही हे फार छान सांगता."

"पस्तीस वर्षं सांगत होतो," आजोबा म्हणाले. "कुणी नाही म्हटलं नाही."

पुढे घरापर्यंत त्यांनी एकही खांब दाखवला नाही.

निहार, जानेवारीत येशील तेव्हा गाडीची चावी फ्रिजवरच्या हुकाला असेल. तिच्या वर माझं जुनं कार्ड लावलेलं दिसेल. सगळीकडची काढली, पण हे एक आजोबांनी काढू दिलं नाही. आणि त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी त्याखाली पेनाने एक ओळ लिहिली आहे. डॉक्टरी अक्षर आहे, तुला लागणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते: "फुंकायचं असेल तर हिची वाट पाहू नये. ही उशिरा येते, पण येते."